पाटीवरचे तीन शब्द

मराठीत 'लिंग' या एका शब्दाला तीन ठिकाणी नोकरी करावी लागते. व्याकरणात तो 'खुर्ची' स्त्रीलिंगी आणि 'पंखा' पुल्लिंगी का, याची उठाठेव करतो. जीवशास्त्राच्या पुस्तकात तो शरीराबद्दल बोलतो. आणि अर्जाच्या रकान्यात तो 'समाजाने तुम्हाला कोण म्हणायचं' एवढंच विचारून मोकळा होतो. प्रश्न तीन, शब्द एक. त्यामुळे विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या 'स्त्री, लिंगभाव आणि लैंगिकता' या विषयाची ओळख करून द्यायची म्हटलं की गाडी नावापाशीच अडते.

त्यात मराठी क्रियापदं चुगलखोर. 'मी हा विषय शिकलो' एवढं लिहिलं की लिहिणारा पुरुष आहे हे उघड होतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही? आणि हा विषय?" मी तो इतक्यांदा ऐकलाय की आता राग येत नाही. उत्तर थोडं लांबचं आहे आणि ते विभागाच्या पाटीवरूनच सुरू करावं लागतं.

जगातल्या बऱ्याच विद्यापीठांत ही पाटी आधी नुसती 'स्त्री अभ्यास' अशी होती. मग ती 'स्त्री आणि लिंगभाव अभ्यास' झाली. पुढे काही ठिकाणी त्यात 'लैंगिकता' आली. पाटी रंगवणाऱ्याचं बरं चाललंय, अशी आमच्यात थट्टा असते. पण प्रत्येक नवा शब्द एका भांडणातून आलाय. आधीच्या पाटीखाली बसलेल्या कोणीतरी उठून विचारलं, की या नावात मी कुठे आहे? तेव्हा विषय समजून घ्यायचा तर हे शब्द आले त्याच क्रमाने घ्यावेत.

रकान्यात मावेल तेवढंच

१९७० मध्ये सॅन दिएगो स्टेट या विद्यापीठात स्त्री अभ्यासाचा औपचारिक कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेतला तो पहिला मानला जातो. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये या विषयाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. सुरुवातीची तक्रार साधी होती. इतिहासाच्या पुस्तकांत बायका सापडत नाहीत, साहित्याच्या अभ्यासक्रमात लेखिका नावापुरत्या आहेत, आणि मानसशास्त्रातले काही गाजलेले सिद्धांत फक्त मुलग्यांच्या मुलाखतींवर उभे राहून 'माणसा'बद्दल बोलतात. पहिला उपायही तितकाच साधा: जे गळलंय ते भरा. विसरलेल्या लेखिका शोधा, राण्यांपलीकडच्या बायकांचा इतिहास लिहा.

भरता भरता लक्षात आलं की गळती सुटीसुटी नाही. चाळणीच तशी विणलेली आहे.

ही चाळणी बघायची असेल तर क्लॉडिया गोल्डिन यांचं काम बघावं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. अमेरिकेतल्या सुमारे दोनशे वर्षांच्या नोंदी त्यांनी धुंडाळल्या. जुन्या जनगणनेत विवाहित बाईच्या 'व्यवसाय' या रकान्यात बऱ्याचदा एकच शब्द असायचा: पत्नी. ती नवऱ्याबरोबर शेतात राबत असेल, त्याच्या धंद्यात हात लावत असेल, घरी बसून विणकाम करून पैसे मिळवत असेल, नोंद तीच. गोल्डिन यांनी इतर नोंदी आणि वेळेच्या वापराच्या पाहण्या शेजारी ठेवून हिशेब नव्याने मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कामावर असलेल्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण जनगणनेत दिसत होतं त्याच्या जवळजवळ तिप्पट निघालं. नोंद करणाऱ्याने खोटं लिहिलं होतं असं नाही. रकान्यात एक शब्द मावत होता आणि तो कोणता, हे लेखणी टेकवण्याआधीच ठरलेलं होतं.

एवढ्याने काय बिघडतं? सिद्धांत बिघडतो. विसाव्या शतकातले चढते आकडे पाहून असं वाटत होतं की अर्थव्यवस्था वाढली की बायकांचं कमावणंही वाढत जातं. दुरुस्त केलेला आलेख आधी खाली जातो. कारखाने आले, काम घरापासून दूर गेलं, आणि विवाहित बायका कामातून बाहेर पडल्या. वर चढण खूप नंतरची आहे.

अशीच गोष्ट आकड्यांची आपल्याकडचीही आहे. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीचा सरकारी समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या आणि १९७१ मध्ये ९३०, ही घसरण त्याने धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आणून ठेवली. आकडे जनगणनेच्या खंडांत होतेच. या अहवालानंतर भारतात स्त्री अभ्यासाला संशोधनाचा विषय म्हणून बळ मिळालं.

औषधांचं उदाहरण मला वर्गात सर्वांत उपयोगी पडतं, कारण तिथे मतं चालत नाहीत, रक्ताचा नमुना चालतो. झोल्पिडेम नावाचं झोपेचं औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालं. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने सांगितलं की स्त्रियांना दिली जाणारी साध्या गोळीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणा. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी गाडी चालवतानाही राहू शकतो. हे ठरायला वीस वर्षं का लागली याचं एकच एक कारण नाही. पण मागचं वातावरण माहीत असायला हवं: १९७७ ते १९९३ या काळात त्याच संस्थेची सूचना होती की मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू गर्भाला जपण्याचा होता, आणि गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेली बाळं जगाने त्याआधी पाहिली होती. म्हणजे कोणी दुष्टपणा केला नव्हता. या विषयात हे सारखं दिसतं: चाळणी विणणारे हात बऱ्याचदा काळजी घेणारेच असतात.

आता माझी स्वतःची शोभा. पहिल्या सत्रात आम्हाला एक तक्ता दिला होता. अठ्ठेचाळीस ओळी, प्रत्येक ओळ अर्ध्या तासाची. एका सुट्टीच्या दिवशी काय केलं ते भरून आणायचं. मी प्रामाणिकपणे भरला. 'आठ वाजता उठलो. आवरलं. पेपर वाचला. घर झाडून झालं. वाचन. जेवण झालं. झोप. कपडे वाळले, घड्या झाल्या.' बाईंनी तक्ता परत दिला तेव्हा त्यावर शेरा नव्हता, गुण नव्हते. फक्त 'झालं', 'वाळले', 'झाल्या' या शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा आणि प्रत्येकीसमोर समासात एकच शब्द: 'कोणी?'

मराठीत कर्ता गाळायची सोय फार छान आहे. 'जेवण झालं' म्हटलं की ते पाऊस झाल्यासारखं होतं. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण माझ्या भाषेने मला मदत केली होती आणि मला तिचा पत्ताही नव्हता. पुढे मी पुष्कळ जाडजूड सिद्धांत वाचले. त्या दोन अक्षरांनी जेवढं शिकवलं तेवढं त्यांतल्या फार थोड्यांनी शिकवलं.

हा तक्ता खेळ नाही, संशोधनाचं रीतसर साधन आहे. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, ज्यांनी घरचं बिनपगारी काम केलं त्यांच्यात स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं निघाला. त्यातही असं काम मुळात केलेल्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या मानाने खूपच कमी होतं. आणि मोजणाऱ्यांपुढे खरा पेच वेगळाच असतो. एकीकडे स्वयंपाक आणि त्याच वेळी मुलावर नजर, तर त्या अर्ध्या तासात काम एक की दोन? पाहणीला एक 'मुख्य' काम ठरवावं लागतं आणि मूल सांभाळणं बऱ्याचदा दुय्यम ठरून मिनिटांतून उडतं. राष्ट्रीय उत्पन्नात तर हे कामच धरत नाहीत. पिगू या अर्थतज्ज्ञाने फार पूर्वी दाखवून दिलं होतं की पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने लग्न केलं तर देशाचं उत्पन्न कमी होतं. काम तेच, हात तेच. न्यूझीलंडच्या संसदेत बसलेल्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मध्ये या हिशेबपद्धतीवरच पुस्तक लिहिलं.

'स्त्री' म्हणजे नक्की कोण?

इतकं होईपर्यंत विषयाच्या आतच कुरबुर सुरू झाली होती. 'स्त्रियांचा अनुभव' असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे कोणती बाई असते?

१९७६ चा एक खटला या प्रश्नावर अजूनही शिकवला जातो. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. मंदीत कपात झाली तेव्हा नियम होता, जो शेवटी आला तो आधी जाणार. वरवर बघता याहून निःपक्षपाती नियम कोणता? पण १९६४ च्या आधी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना नोकरीवर घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्या शेवटी आल्या होत्या आणि कपातीत गेल्याही त्याच. कोर्ट म्हणालं, स्त्री म्हणून भेदभाव झाला असं दिसत नाही, कंपनीत स्त्रिया होत्या. त्या गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या, हा भाग वेगळा. वर्णाची तक्रार असेल तर ती वेगळी मांडा. पण वर्ण आणि स्त्रीत्व एकत्र करून नवाच वर्ग उभा करता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या हातात दोन मोजपट्ट्या होत्या आणि या पाच जणी नेमक्या दोन्हींच्या मधल्या फटीत उभ्या होत्या.

किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये हा खटला घेऊन 'इंटरसेक्शनॅलिटी' ही कल्पना मांडली. चौकाची उपमा त्यांचीच: चौकात उभ्या असलेल्याला धडक कुठल्याही रस्त्याने बसू शकते, एकाच वेळी दोन रस्त्यांनीही. मराठीत याला 'आंतरछेदिता' म्हणतात, म्हणजे म्हणायचा प्रयत्न करतात. कोणाच्या वाट्याला किती दुःखं आली त्यांची बेरीज, असा तिचा अर्थ हल्ली सर्रास घेतला जातो. तो चुकीचा आहे. मुद्दा बेरजेचा नाही, मोजपट्टीच्या फटीचा आहे. जात आणि स्त्रीत्व यांच्या संदर्भात हाच प्रश्न समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये मांडला, आणि दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीतून, म्हणजे दलित स्त्रिया उभ्या आहेत तिथून, बघितलं तर स्त्रीवादाचा सगळा नकाशाच कसा बदलतो हे दाखवलं.

व्याकरणातून दवाखान्यात

आता दुसरा शब्द. इंग्रजीतला 'जेंडर' हा शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः व्याकरणात होता, आपल्या 'पुल्लिंगी-स्त्रीलिंगी'सारखाच. १९५५ मध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने तो दवाखान्यात आणला. ज्यांचं शरीर जन्मतः मुलगा किंवा मुलगी या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही, अशा व्यक्तींवर तो काम करत होता आणि शरीरापासून वेगळी अशी 'वागण्या-वावरण्यातली भूमिका' सांगायला त्याला शब्द हवा होता. १९७२ मध्ये ॲन ओक्ली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हा फरक समाजशास्त्रात रुजवला. मराठीत 'लिंग'ला 'भाव' जोडून 'लिंगभाव' तयार झाला, आणि माझ्या मते तो मूळ इंग्रजीपेक्षा सरस जमलाय. निदान तो दुसऱ्या कुठे नोकरी करत नाही.

मग सूत्र तयार झालं: लिंग शरीराचं, लिंगभाव समाजाचा. पहिल्या वर्षी हे सूत्र शिकवतात. दुसऱ्या वर्षी मोडतात.

मोडायचं कारण खुद्द मनीपाशीच सापडतं. साठच्या दशकात एका तान्ह्या मुलाच्या शस्त्रक्रियेत अपघात झाला. मनीच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं, आणि हा प्रयोग यशस्वी झाल्याचं मनीने जगाला सांगितलं. तसं नव्हतं. त्या मुलाने किशोरवयात ते आयुष्य नाकारलं आणि पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. १९९७ मध्ये हे सगळं शोधनिबंधातून बाहेर आलं. समाज माणसाला हवं तसं घडवू शकतो, या समजुतीला बसलेला हा मोठा तडाखा. गंमत बघा, लिंगभावाचे टीकाकार ही कहाणी विषयाविरुद्ध वापरतात आणि वर्गात आम्हीही तीच शिकवतो: माणसाला स्वतःविषयी काय वाटतं ते न विचारता बाहेरून ठरवलं की काय होतं, याचं उदाहरण म्हणून.

सूत्र दुसऱ्या बाजूनेही ढिलं आहे. शरीराविषयी बोलताना वापरलेली भाषा समाजातूनच येते. एमिली मार्टिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतली फलनाची वर्णनं तपासली. शुक्राणू शूर, धडपडा, मोहिमेवर निघालेला. बीजांड निवांत, वाट बघणारं. ऐंशीच्या दशकातल्या संशोधनात मात्र दिसलं होतं की शुक्राणूचा पुढे ढकलण्याचा जोर अगदी कमी असतो, डोकं जास्त करून बाजूंना हलतं, आणि बीजांडाचा पृष्ठभाग त्याला चिकटवून धरतो. मार्टिन यांचं खरं निरीक्षण याच्या पुढचं आहे: नवा शोध लागल्यावरही वर्णनाची भाषा फारशी बदलली नाही. प्रियाराधनाची जुनी कथा सूक्ष्मदर्शकाखालीही चालू राहिली. पेशी खऱ्याच, पण त्यांचं वर्णन करताना हाताशी जी क्रियापदं होती ती पेशींनी दिलेली नव्हती.

तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचं नाव काढलं की विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. १९९० मध्ये त्यांनी मांडलं की लिंगभाव ही आत दडलेली वस्तू नसून तो वारंवार करण्यातून घडतो. याचा अर्थ लोक 'नाटक' असा लावतात: आज पुरुष, उद्या स्त्री, मनाला येईल तसं. मी सहीचं उदाहरण देतो. तुमची सही तुमचीच आहे, कारण ती तुम्ही हजार वेळा केली आहे. अस्सल सही कुठे कपाटात ठेवलेली नसते, जिच्या या सगळ्या नकला आहेत. दर वेळी ती जराशी वेगळी उमटते आणि चालून जाते. पण फारच वेगळी उमटली तर खिडकीमागचा माणूस चेक परत करतो. बटलर यांचं लक्ष सहीवर आहे तितकंच त्या खिडकीमागच्या माणसावर आहे.

आणि आता "तुम्ही? आणि हा विषय?" याचं उत्तर. लिंगभाव हा शब्द पाटीवर आला त्या दिवशी पुरुषही अभ्यासाचा विषय झाले. इतिहासकार जोन स्कॉट यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की जिथे एकही बाई नाही अशा ठिकाणी, म्हणजे युद्धात, मुत्सद्देगिरीत, राजकारणात, लिंगभाव आपलं काम करतच असतो. 'मर्दासारखं लढा' आणि 'बांगड्या भरा' ही वाक्यं बायका नसलेल्या खोलीतच जास्त ऐकू येतात. रेविन कॉनेल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पौरुष एक नसून अनेक असतं, आणि त्यांतही उतरंड असते, हे सविस्तर मांडलं. न रडणं, दुखणं अंगावर काढणं, डॉक्टरकडे उशिरा जाणं हे सगळं मोजता येतं, आणि ते मोजणं याच विषयात बसतं.

'नॉर्मल'लाही जन्मतारीख असते

तिसरा शब्द आला तो सर्वांत उशिरा, आणि बसायला जागाही त्याला सर्वांत नाखुशीने मिळाली.

तुम्हाला वाटेल, लैंगिकतेच्या अभ्यासात वेगळ्या लोकांचा अभ्यास असेल. मी सुरुवात उलटी करतो, एका शब्दकोशाने. १९०१ च्या डोरलँडच्या वैद्यकीय शब्दकोशात 'हेटरोसेक्शुअलिटी'चा, म्हणजे भिन्नलिंगी आकर्षणाचा, अर्थ दिला होता: विरुद्ध लिंगाविषयीची अस्वाभाविक किंवा विकृत वासना. छपाईची चूक नव्हती ती. मूल होण्याच्या हेतूवाचून असलेली ओढ तेव्हाच्या काही डॉक्टरांना रोगच वाटत होती. 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापून आला तो १८६९ मध्ये, कार्ल मारिया केर्टबेनी यांच्या पत्रकांत. ते ज्या कायद्याविरुद्ध लढत होते तो पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा होता. म्हणजे आज जन्मापासून आपल्या अंगाला चिकटलेल्या वाटतात त्या दोन्ही पाट्या दीडशे वर्षांच्या आसपासच्या आहेत. कृती अर्थातच जुन्या आहेत. पण कृतीवरून माणसाचा 'प्रकार' ठरवणं नवं आहे, असं फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये मांडलं आणि या क्षेत्राला वळण दिलं.

विद्यापीठांनी हा विषय घेण्याआधी तो एका स्वतंत्र संस्थेत वाढत होता. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने १९१९ मध्ये बर्लिनला लैंगिकशास्त्राची संस्था काढली. दवाखाना, सल्ला केंद्र, ग्रंथालय, सगळं एका छपराखाली. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते; ते परत आले नाहीत. त्या जळत्या पुस्तकांची छायाचित्रं शालेय पुस्तकांतही असतात, पण त्या ढिगात कोणाचं ग्रंथालय होतं हे मथळ्यात क्वचितच लिहिलेलं असतं.

नंतरचा मोठा टप्पा आल्फ्रेड किन्सी यांचा. मूळचे कीटकशास्त्रज्ञ. गांधीलमाश्यांच्या एका जातकुळीचे नमुने गोळा करण्यात त्यांची वर्षं गेली होती, आणि तोच चिवटपणा त्यांनी माणसांच्या मुलाखतींत लावला. १९४८ आणि १९५३ च्या त्यांच्या अहवालांत 'हे की ते' याऐवजी शून्य ते सहा अशी पट्टी होती. त्यांच्या नमुन्यावर रास्त टीका झाली, कारण स्वतःहून पुढे आलेले लोक आणि तुरुंगातले लोक त्यात जास्त होते. संशोधन पद्धतीच्या तासाला आम्ही किन्सी वाचतो ते दोन्हींसाठी: पट्टीची कल्पना घ्यायला, आणि नमुना कसा निवडू नये ते शिकायला.

१९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर आलं ते २०१९ मध्ये मंजूर झालेल्या यादीत. त्याच १९९० मध्ये तेरेसा द लॉरेतिस यांनी कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेला 'क्वीअर थिअरी' असं नाव दिलं. 'क्वीअर' ही तेव्हा समलैंगिकांना घातली जाणारी शिवी होती. नाव मुद्दाम बोचरं ठेवलेलं होतं.

मग वर्गात नक्की करतात काय?

वाचतात. भयंकर वाचतात. आठवड्याला दोन-तीन निबंध, आणि प्रत्येकावर पानभर टिपण: लेखकाचा दावा काय, पुरावा काय, आणि पुराव्यात कोण नाही. त्याखेरीज आकडेवारी, कायदा, इतिहास, साहित्य, आरोग्य अशा शेजारच्या विभागांचे तास. या विषयाची स्वतःची अशी एकच पद्धत नाही. तो इतरांची हत्यारं उसनी घेतो आणि परत देताना धार लावून देतो, असं निदान आम्ही म्हणतो. शेजारचे विभाग काय म्हणतात ते वेगळं.

मुलाखत घ्यायला शिकवणं हा यातला सगळ्यांत अवघड भाग. संमतीचा कागद वाचून दाखवायचा, सही घ्यायची, आणि तरी मध्येच "हे लिहू नका" असं कोणी म्हणालं की लेखणी खाली ठेवायची. नवखा विद्यार्थी शांतता पसरली की घाबरतो आणि पुढचा प्रश्न टाकतो. ती शांतता भरू नये, हे शिकायला एक सत्र जातं. 'मी नोकरी करत नाही' असं सांगून एखादी बाई गप्प होते आणि अर्ध्या मिनिटाने म्हणते, 'शिवण करते तेवढंच.' तेवढंच म्हणजे दिवसाचे सहा तास असतात.

प्रबंधात आणखी एक गोष्ट लिहावी लागते, जी भौतिकशास्त्राच्या प्रबंधात नसते: तुम्ही कोण आहात आणि त्यामुळे तुम्हाला काय दिसलं, काय दिसलं नसेल. डॉना हॅरावे यांनी १९८८ मध्ये मांडलं की सगळं बघणारा पण स्वतः कुठेच नसलेला डोळा ही देवाची ऐट आहे. माणसाला कुठेतरी उभं राहूनच बघावं लागतं. याचा सोयीस्कर अर्थ 'ज्याचं त्याचं सत्य' असा लावतात. तसा तो नाही. सर्वेक्षकही नकाशा काढताना दुर्बीण कुठे ठेवली ते लिहून ठेवतो. तेही नकाशा जास्त भरवशाचा व्हावा म्हणूनच.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि सगळे फोल नाहीत. २०१८ मध्ये तीन जणांनी मुद्दाम रचलेले वीस खोटे निबंध या आणि जवळच्या विषयांच्या नियतकालिकांना पाठवल्याचं उघड केलं. त्यांतले सात स्वीकारले गेले होते आणि चार छापूनही आले होते. इतर विषयांना असेच निबंध पाठवून तुलना केलेली नव्हती, आणि काहींत आकडे बनावट होते, जे कोणत्याच विषयाचा परीक्षक सहसा पकडत नाही. हे सगळं खरं. तरी ते निबंध वाचून मला लाज वाटली. ऐकायला गोड वाटणारा निष्कर्ष असला की पुराव्याची झडती सैल होते, हा रोग आमच्यात आहे. दुसरीकडे, त्याच वर्षी हंगेरीच्या सरकारने लिंगभाव अभ्यासाची पदव्युत्तर पदवी मान्य अभ्यासक्रमांच्या यादीतूनच काढून टाकली. चुकीच्या निबंधाला प्रतिनिबंध लिहिता येतो. यादीतून काढलेल्या पदवीला काय लिहिणार?

नोकरीचं विचारणार असाल तर थोडक्यात: कायदा, पत्रकारिता, सार्वजनिक आरोग्य, धोरण, सामाजिक संस्था, कंपन्यांमधल्या तक्रार समित्या, सर्वेक्षणाचं काम. बहुतेक जण दुसऱ्या एखाद्या कौशल्याची जोड देतात आणि द्यावी. नुसत्या सिद्धांतावर भागत नाही.

आता तो तक्ता मी देतो. अठ्ठेचाळीस ओळी, अर्ध्या अर्ध्या तासाच्या, सूचना काहीच नाही. गेल्या खेपेला एका मुलाने बरोबर सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'आंथरुणं काढून झाली.' मग 'झाली' खोडलं होतं आणि वर बारीक अक्षरात 'ताईने काढली' असं लिहिलं होतं. त्यापुढच्या अकरा ओळींवर पांढरी शाई फासलेली होती. उजेडात धरल्यावर खालचं पुसट दिसत होतं: आवरून झालं, भरून झालं, पुसून झालं. वर त्याने अजून काही लिहिलेलं नव्हतं. तक्ता द्यायला आला तेव्हा म्हणाला, "सर, एक दिवस जास्त मिळेल का? घरी विचारावं लागेल."